स्थैर्याची मर्यादा : नेमबाजीच्या जॅकेटचे नियम आणि नवोदित नेमबाजाची पहिली निवड

प्रस्तावना

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील नेमबाजीच्या स्पर्धा शातोरू या गावी झाल्या. तेथे भारताला तीन कांस्यपदके मिळाली. मनू भाकर यांनी १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात वैयक्तिक पदक मिळविले आणि सरबज्योत सिंग यांच्यासह मिश्र सांघिक प्रकारात दुसरे. तिसरे पदक कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल तीन स्थिती प्रकारात ४५१.४ गुणांसह पटकाविले. या स्पर्धा दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्याच्या लक्षात एक फरक सहज आला असेल. पिस्तूल नेमबाज साध्या सदऱ्यात, एक हात खिशात घालून उभा असतो. रायफल नेमबाज मात्र गळ्यापासून मांड्यांपर्यंत जाड, ताठ वस्त्रांत बंदिस्त असतो. त्याला चालतानाही पाय उचलून टाकावे लागतात. खेळ एक, महासंघ एक, लक्ष्यावर गुण मोजण्याचे तत्त्वही एकच. मग वस्त्राच्या बाबतीत एवढे अंतर का, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. रायफल नेमबाजीचे जॅकेट हे मुळात नेमबाजाच्या अंगाला इजा होऊ नये म्हणून वापरात आलेले वस्त्र होय. कालांतराने ते स्थैर्य देणारे साधन झाले आणि मग त्या स्थैर्याला मर्यादा घालण्यासाठी नियम करावे लागले. आज जॅकेटची जाडी, ताठपणा व सैलपणा मिलिमीटरमध्ये मोजला जातो. या मापांमागे ‘किती स्थैर्य कमवावे आणि किती विकत घ्यावे’ हा जुना वाद आहे. महाविद्यालयीन संघात नव्याने दाखल झालेला विद्यार्थी आपले पहिले जॅकेट निवडतो, तेव्हा नकळत तो या वादात एक बाजू घेत असतो. ती निवड समजून उमजून व्हावी, हा या लेखनाचा हेतू आहे.

शिकारीचा कोट ते स्पर्धेचे जॅकेट

संघटित लक्ष्यवेधाची परंपरा युरोपात एकोणिसाव्या शतकात रुजली. स्वित्झर्लंडमध्ये १८२४ साली राष्ट्रीय पातळीवरील नेमबाज संघटना स्थापन झाली. इंग्लंडमध्ये फ्रेंच आक्रमणाच्या भीतीतून नागरिकांची स्वयंसेवक पथके उभी राहिली आणि त्यांना बंदुकीचा सराव मिळावा म्हणून १८५९ साली नॅशनल रायफल असोसिएशनची स्थापना झाली. पुढच्याच वर्षी विम्बल्डनच्या माळावर तिच्या पहिल्या स्पर्धेचे उद्घाटन राणी व्हिक्टोरियाने पहिली गोळी झाडून केले. त्यासाठी रायफल आधीच एका टेकूवर नेम धरून बसविलेली होती. स्थैर्य बाहेरून मिळविण्याचे हे जणू पहिलेच जाहीर उदाहरण म्हणावे लागेल. अर्थात राणी स्पर्धेत उतरली नव्हती, म्हणून कोणी आक्षेप घेतला नाही.

या काळातील नेमबाजाला स्वतंत्र पोशाख नव्हता. सैनिक व स्वयंसेवक गणवेशात नेम धरीत, तर इतर लोक रोजच्या कोटात. बंदुकीसाठी म्हणून मुद्दाम बेतलेले वस्त्र होते ते शिकाऱ्याचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये लोकप्रिय झालेला नॉरफोक कोट हे त्याचे ठळक उदाहरण होय. त्याच्या छातीवर व पाठीवर उभ्या चुण्या आणि कमरेला पट्टा असे. उडत्या पक्ष्यावर झटकन बंदूक रोखताना हात वर जावा, काखेत कापड अडकू नये, ही त्यामागची गरज होती. म्हणजे बंदुकीसाठी शिवलेल्या या वस्त्राचा गुण हालचालीला मोकळीक देणे हा होता. स्पर्धेच्या जॅकेटचा इतिहास याच्या नेमका उलट दिशेने गेला.

१८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये रायफलच्या स्पर्धा २०० व ३०० मीटरवर झाल्या. १८९७ साली लिओं येथे पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली आणि १९०७ साली झुरिक येथे आठ देशांच्या संघटनांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय संघाची स्थापना केली. हाच संघ १९९८ पासून आंतरराष्ट्रीय नेमबाजी क्रीडा महासंघ या नावाने ओळखला जातो. आरंभीच्या या स्पर्धांवर लष्करी रायफलची छाया होती. ३०० मीटरवर मारा करणाऱ्या बंदुकीचा झटका खांद्याला बसे. पडून नेम धरताना दोन्ही कोपरे जमिनीवर घासत. बंदूक स्थिर ठेवण्यासाठी दंडाला आवळलेला चामडी पट्टा रक्तवाहिन्यांवर दाब देई आणि नाडीचा ठोका नळीच्या टोकापर्यंत पोहोचवी. तेव्हा खांदा, कोपर आणि दंड या तीन ठिकाणी जाड कापडाचे वा चामड्याचे आवरण असणे ही गरज होती, चैन नव्हे. आजच्या जॅकेटवरही खांद्याला व कोपरांना जी जाड ठिगळे दिसतात, त्यांचा उगम या शारीरिक त्रासात आहे.

संरक्षणाकडून स्थैर्याकडे

खरा पेच निर्माण झाला तो एअर रायफलमुळे. १० मीटर एअर रायफलचा समावेश जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत १९६६ साली आणि ऑलिंपिकमध्ये १९८४ साली झाला. या प्रकारात नेमबाज केवळ उभ्या स्थितीत नेम धरतो. कोपर जमिनीला टेकत नाही, दंडाला पट्टा नसतो आणि हवेच्या दाबाने सुटणाऱ्या छर्ऱ्याचा झटका नगण्य असतो. ज्या तीन कारणांसाठी जॅकेट जाड झाले होते, त्यांपैकी एकही येथे उरत नाही. तरीही जॅकेट गेले नाही.

त्याचे कारण उभ्या स्थितीच्या शरीररचनेत आहे. उजव्या हाताचा नेमबाज लक्ष्याकडे डावी बाजू करून उभा राहतो, कंबर पुढे काढतो, धड मागे झुकवून किंचित पिळतो आणि डावे कोपर बरगड्यांवर वा कमरेच्या हाडावर टेकवून त्यावर बंदुकीचा भार तोलतो. बंदुकीचे वजन ५.५ किलोपर्यंत असू शकते. या अवस्थेत तो ६० स्पर्धात्मक गोळ्या झाडतो आणि इलेक्ट्रॉनिक लक्ष्य असल्यास त्यासाठी ७५ मिनिटे मिळतात. महिलांसाठी पूर्वी ४० गोळ्या होत्या. २०१८ पासून त्यांनाही ६० गोळ्या आहेत. एवढा वेळ मागे झुकलेल्या कण्याच्या खालच्या भागावर येणारा ताण मोठा असतो. घट्ट विणीचे, आधार देणारे वस्त्र हा ताण काही प्रमाणात स्वतःकडे घेते. म्हणून जॅकेटची उपयुक्तता आरोग्याच्या दृष्टीनेही सर्वस्वी नाकारता येत नाही.

परंतु जे वस्त्र कण्याला आधार देते तेच धडाचे डोलणेही कमी करते, आणि या खेळात डोलणे म्हणजे गुण गमावणे होय. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि लगतच्या वर्तुळांत २.५ मिलिमीटरचे अंतर असते. बंदुकीची लांबी ढोबळमानाने एक मीटर धरली, तर तिच्या दोन टोकांच्या दिशेत चतुर्थांश मिलिमीटरचा फरक पडला तरी लक्ष्यावर एका गुणाचा फरक पडतो. श्वास, हृदयाचे ठोके आणि पायांवरचा तोल यांतून निर्माण होणारी हालचाल यापेक्षा सहज मोठी असते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. नेमबाजांचे कौशल्य व साहित्य जसजसे सुधारले, तसतशी लक्ष्ये लहान करावी लागली. १९८९ साली रायफलच्या लक्ष्यांची मापे कमी करण्यात आली. तरीही पूर्ण गुणांची नोंद पुन्हा होऊ लागली. २००४ साली क्वालालंपूर येथील आशियाई स्पर्धेत महाराष्ट्राच्या सुमा शिरूर यांनी पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण मिळवून जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. २०१३ पासून एअर रायफलच्या पात्रता फेरीतही दशांश गुणांची पद्धत आली. त्यामुळे ‘दहा’ हे टोक राहिले नाही, १०.९ पर्यंतचा प्रत्येक दशांश मोलाचा ठरू लागला. लक्ष्य जेवढे सूक्ष्म झाले, तेवढी स्थैर्याची किंमत वाढली. आणि स्थैर्याची किंमत वाढली तेवढा ते जॅकेटमध्ये शिवून घेण्याचा मोहही वाढला.

पिस्तूल नेमबाजीत हा मोह मुळातच रोखला गेला. तेथे हात एक, मनगट उघडे आणि आधार देणारे विशेष वस्त्र निषिद्ध आहे. घोटा झाकणारे बूटही चालत नाहीत. पिस्तुलाच्या परंपरेत कोपर टेकण्याचा व पट्टा आवळण्याचा प्रसंग नव्हता, त्यामुळे संरक्षक वस्त्राला शिरकाव करण्यास वाव मिळाला नाही. रायफलमध्ये ते आधीच आत आलेले होते. म्हणून तेथे प्रश्न ‘जॅकेट असावे की नसावे’ असा न राहता ‘जॅकेट कितपत असावे’ असा झाला.

नियमाची भाषा

आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमावलीत वस्त्रांसंबंधीचे मूलतत्त्व स्पष्ट आहे. खेळाडूचे पाय, धड किंवा हात जखडून टाकणारे अथवा त्यांची हालचाल अवाजवी कमी करणारे वस्त्र वा साधन चालणार नाही. कारण त्यामुळे कौशल्य कृत्रिमरीत्या वाढते. मात्र केवळ तत्त्व सांगून भागत नाही. ‘अवाजवी’ म्हणजे किती, हे पंचाच्या मर्जीवर सोडले तर प्रत्येक स्पर्धेत वेगळा निकाल लागेल. म्हणून तत्त्वाचे रूपांतर मापात करण्यात आले. २०१३ साली अंमलात आलेल्या नियमावलीच्या आधारे ही मापे पुढीलप्रमाणे मांडता येतात.

पहिले माप जाडीचे. जॅकेटचे कापड अस्तरासह एकेरी मोजल्यास २.५ मिलिमीटरपेक्षा जाड नसावे. ही जाडी ३० मिलिमीटर व्यासाच्या दोन चकत्यांमध्ये कापड धरून, पाच किलोच्या दाबाखाली मोजली जाते. कोपर आणि बंदुकीचा दस्ता टेकतो तो खांदा या ठिकाणी ठिगळ लावण्यास मुभा आहे. तेथे एकूण जाडी १० मिलिमीटरपर्यंत चालते. खांद्यावरच्या ठिगळाची कमाल लांबी ३०० मिलिमीटर आहे. थोडक्यात, झटका आणि घर्षण ही जुनी कारणे नियमाने मान्य केली आहेत, पण त्या कारणांच्या जागेपुरतीच.

दुसरे माप ताठपणाचे. ६० मिलिमीटर व्यासाच्या पोकळ नळकांड्यावर कापड न ताणता पसरतात आणि त्यावर २० मिलिमीटर व्यासाची चकती एक किलो वजनाने दाबतात. कापड किमान ३.० मिलिमीटर खाली दबले पाहिजे. २.९ मिलिमीटर दबले तर जॅकेट नियमबाह्य ठरते. पुठ्ठ्यासारखे ताठ कापड पातळ असूनही शरीर जखडू शकते. केवळ जाडीची अट घातली असती तर ही पळवाट उरली असती.

तिसरे माप सैलपणाचे. जॅकेट अंगावर मोकळे लोंबले पाहिजे. त्याची कसोटी अशी की, खेळाडू हात बाजूला सोडून उभा असताना जॅकेटची एक बाजू नेहमीच्या बटणाच्या जागेपेक्षा आणखी किमान ७० मिलिमीटर दुसऱ्या बाजूवर ओढता आली पाहिजे. हे अंतर बटणाच्या मध्यापासून काजाच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजतात आणि ओढ ६ ते ८ किलोची असते. चौथा मुद्दा बंधनांचा. पट्टे, नाड्या, बंद, चिकटपट्ट्या यांनी जॅकेट आवळण्यास मनाई आहे. बटणे किंवा चेन यांसारखी, कमी-जास्त न करता येणारी बंदिस्तीच चालते. आपल्याकडील बाराबंदीचे उदाहरण येथे बोधक ठरेल. बाराबंदी अंगाच्या मापाप्रमाणे बंद ओढून घट्ट-सैल करता येते, हाच तिचा गुण. नेमबाजीच्या नियमाला नेमका तोच गुण दोष वाटतो, कारण जे आवळता येते ते तपासणीच्या वेळी सैल आणि नेम धरताना घट्ट असू शकते.

यांशिवाय कापडाचे थर एकमेकांवर ठेवून गोधडीप्रमाणे धावदोऱ्याने शिवणे, आडवे-उभे टाके घालणे किंवा डिंकाने चिकटविणे, हेही शिंप्याच्या नेहमीच्या शिवणीच्या जागा वगळता वर्ज्य आहे. बाहेरचा खिसा एकच असावा, तो उजव्या हाताच्या नेमबाजासाठी उजव्या आणि डाव्या हाताच्या नेमबाजासाठी डाव्या अंगाला असावा आणि त्याचे माप २५० मिलिमीटर उंची व २०० मिलिमीटर रुंदी याहून मोठे नसावे. जॅकेटची लांबी हात खाली सोडून मूठ वळली असता मुठीच्या खालच्या कडेपलीकडे जाऊ नये. आत घातलेल्या कपड्यांनाही २.५ मिलिमीटरची जाडीची मर्यादा लागू आहे.

या नियमांचा सर्वांत कठोर भाग तपासणीच्या वेळेशी संबंधित आहे. स्पर्धेपूर्वी तपासून सील लावलेले जॅकेटही स्पर्धा संपल्यावर पुन्हा तपासले जाऊ शकते, आणि त्या वेळी ते अपयशी ठरल्यास खेळाडू अपात्र ठरतो. ‘आधी उत्तीर्ण झाले होते’ हा बचाव चालत नाही. कापड व चामडे ही जिवंत नसली तरी निश्चल द्रव्ये नव्हेत. हवेतील ओलावा, घाम आणि तापमान यांनी त्यांचा ताठपणा बदलतो. तेव्हा ३.० आणि २.९ यांतील एका दशांशावर वर्षभराची मेहनत अवलंबून राहू शकते.

महाराष्ट्राचा संदर्भ

भारतात या खेळाची राष्ट्रीय संघटना १९५१ साली स्थापन झाली आणि लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे पहिले अध्यक्ष होते. मावळंकरांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील. त्यांच्या नावाने भरणारी अखिल भारतीय स्पर्धा नव्या नेमबाजांना राष्ट्रीय स्पर्धेकडे नेणारी वाट म्हणून परिचित आहे.

महाविद्यालयांच्या दृष्टीने मात्र राष्ट्रीय छात्र सेनेचा दुवा अधिक महत्त्वाचा आहे. छात्रसैनिकाची बंदुकीशी पहिली ओळख खाकी गणवेशात, जमिनीवर पडून, पॉइंट टू टू रायफलने होते. तेथे जॅकेट नसते. अंजली भागवत यांचा प्रवास मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयातील छात्र सेनेतूनच सुरू झाला. पुढे त्यांनी २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये एअर रायफलची अंतिम फेरी गाठली आणि २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत चार सुवर्णपदके मिळविली. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अंजली भागवत, सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडे या तिघी रायफल प्रकारांत उतरल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर प्रोन रायफल प्रकारात जगज्जेत्या झाल्या. स्वप्नील कुसाळे हे शिक्षकाचे पुत्र. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून ते नेमबाजीकडे वळले आणि दीपाली देशपांडे यांच्या मार्गदर्शनाखाली घडले.

या नामावलीतून एक सामाजिक वस्तुस्थिती दिसते. महाराष्ट्रातील रायफल नेमबाजी संस्थानिकांच्या शिकारखान्यातून नव्हे, तर महाविद्यालय, छात्र सेना आणि शासकीय योजना यांतून, मध्यमवर्गीय घरांत वाढली. अशा घरांत खाकी गणवेशाकडून स्पर्धेच्या जॅकेटकडे जाणे हा आर्थिक उंबरठा असतो. बंदूक संस्थेची मिळू शकते, छर्रे वाटून घेता येतात, सरावाची जागा सामाईक असते. जॅकेट मात्र अंगाच्या मापाचे असते. ज्या नियमाने आवळण्याचे पट्टे काढून टाकले, त्याच नियमाने एक जॅकेट चौघांत फिरविण्याची सोयही काढून घेतली. कोल्हापूरच्या तालमीत मल्लाला लंगोट आणि लाल माती पुरते. रायफल नेमबाजाला मैदानात उतरण्यापूर्वीच एका वस्त्राची किंमत मोजावी लागते. नियम सर्वांच्या अंगावरचे स्थैर्य समान करतो, परंतु ते वस्त्र मिळविण्याची संधी समान करू शकत नाही. ही उणीव नियमपुस्तिकेबाहेर, म्हणजे संस्थांनीच, भरून काढावयाची आहे.

पहिल्या जॅकेटची निवड

वरील विवेचनाच्या आधारे नवोदित नेमबाजाच्या निवडीसंबंधी काही निष्कर्ष काढता येतात.

पहिली बाब जॅकेट कोणत्या नियमपरंपरेतील आहे याची. बाजारात ‘शूटिंग जॅकेट’ या एकाच नावाखाली भिन्न परंपरांची वस्त्रे मिळतात. अमेरिका व ब्रिटन येथील लांब पल्ल्याच्या रायफल स्पर्धांसाठी बनणाऱ्या जॅकेटांना बकलांचे पट्टे असतात. त्या स्पर्धांत ती चालतात. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांखाली ती टिकणार नाहीत. चांगले शिवलेले, महागडे जॅकेट नियमात बसतेच असे नव्हे. ‘नियमानुसार’ अशी चिठ्ठी लावलेली असली तरी ती कोणत्या वर्षीच्या नियमांना उद्देशून आहे हे पाहावे, कारण नियमावलीच्या नव्या आवृत्त्या निघत असतात. खरेदीपूर्वी चालू आवृत्तीतील वस्त्रांचे प्रकरण वाचणे हे विद्यार्थ्याचे आणि मार्गदर्शकाचे पहिले कर्तव्य आहे.

दुसरी बाब ताठपणाच्या मोहाची. नवशिक्याला सर्वांत ताठ जॅकेट सर्वांत चांगले वाटते, कारण पहिल्याच दिवशी नळीचे डोलणे कमी झाल्याचा अनुभव येतो. परंतु ३.० मिलिमीटरच्या काठावर असलेले जॅकेट थंड किंवा वेगळ्या हवेच्या दालनात काठाच्या पलीकडे जाऊ शकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्याचा पायांवरचा तोल, कमरेची जागा आणि श्वासाची लय अद्याप ठरलेली नाही, त्याच्या चुका ताठ जॅकेट झाकून ठेवते. पुढे कापड वापराने मऊ पडले की त्या चुका उघड्या पडतात. म्हणून प्रारंभीचे काही महिने साध्या कपड्यांत उभे राहण्याचा सराव करून, आपली स्थिती स्थिरावल्यावरच माप देणे श्रेयस्कर. मापही नुसते सरळ उभे राहून न देता नेम धरण्याच्या स्थितीतही तपासावे. आत जो सदरा घालावयाचा तोच घालून माप घ्यावे.

तिसरी बाब वाढत्या शरीराची. अठरा-एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याची छाती व कंबर पुढील दोन-तीन वर्षांत भरते. आज बरोबर ७० मिलिमीटर मोकळीक देणारे जॅकेट तेव्हा अपुरे पडेल. पहिल्या जॅकेटमध्ये या मापाला थोडी अधिक जागा ठेवावी. बटणांची जागा बदलणे हे गावातील शिंप्यालाही जमण्यासारखे काम आहे. मात्र त्यापलीकडील डागडुजी सावधपणे करावी. कोपराचे ठिगळ फाटले म्हणून चांभाराकडून वर दुसरे चामडे चढविले, की १० मिलिमीटरची मर्यादा ओलांडली जाण्याचा संभव असतो. पाठीला आतून जादा अस्तर टाचले तर जॅकेटच नियमबाह्य होते.

चौथी बाब वापरलेल्या जॅकेटाची. ज्येष्ठ खेळाडूचे जुने जॅकेट कमी किमतीत मिळणे ही अनेकांसाठी एकमेव वाट असते आणि तिच्यात कमीपणा काहीच नाही. वापरलेले कापड मऊ झालेले असल्यामुळे ताठपणाच्या चाचणीत ते बहुधा अडचण करीत नाही. पाहावयाचे ते तीन गोष्टींपुरते: ते आपल्या अंगावर पुरेसे सैल आहे का, जुन्या नियमांच्या काळातील पट्टे वा थर त्यावर शिल्लक आहेत का, आणि ते उजव्या हाताच्या नेमबाजाचे आहे की डाव्या. खांद्याचे ठिगळ व खिसा यांच्या जागेमुळे उजव्याचे जॅकेट डाव्या हाताच्या नेमबाजास उपयोगी पडत नाही.

पाचवी बाब हवामानाची. कोकण व मुंबईच्या पावसाळ्यात कॅनव्हास आणि चामडे ओलावा धरतात व बुरशी येते. जॅकेट घडी घालून पिशवीत कोंबल्यास घडीच्या जागा कडक व वेड्यावाकड्या होतात. सरावानंतर ते रुंद खांद्याच्या टांगणीवर, सावलीत व वाऱ्यावर सुकविणे ही किरकोळ वाटणारी सवय प्रत्यक्षात नियमपालनाचाच भाग आहे. भारतातही आता अशी जॅकेटे तयार होतात. त्यामुळे माप चुकल्यास दुरुस्तीसाठी परदेशी पार्सल पाठविण्याची वेळ टळू शकते, हाही विचार व्हावा.

शेवटची सूचना महाविद्यालयांसाठी आहे. ताठपणा तपासण्याचे उपकरण तत्त्वतः अत्यंत साधे आहे. ६० मिलिमीटर व्यासाची नळी, २० मिलिमीटरची चकती, त्या चकतीसह भरणारे एक किलो वजन आणि दशांश मिलिमीटर मोजणारे व्हर्नियर कॅलिपर एवढ्यावर प्राथमिक चाचणी करता येते. ही सामग्री भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहज जमविता येईल. अशा चाचणीला अधिकृत मान्यता असणार नाही, पण स्पर्धेला निघण्यापूर्वी काठावरचे जॅकेट कोणते हे तिने निश्चित कळेल. शारीरिक शिक्षण विभाग, छात्र सेना आणि भौतिकशास्त्र विभाग यांनी मिळून करावयाचे हे काम अल्पखर्चाचे आहे. त्याच्या जोडीला वेगवेगळ्या मापांची चार-सहा जॅकेटे संस्थेने घेऊन ती वर्षभरासाठी विद्यार्थ्यांच्या नावे देण्याची पद्धत ठेवली, तर पहिल्या जॅकेटचा उंबरठा पुष्कळ अंशी खाली येईल.

समारोप

रायफल नेमबाजीच्या जॅकेटचा इतिहास हा एका सवलतीचा इतिहास आहे. झटक्यापासून खांदा आणि जमिनीपासून कोपर वाचविण्यासाठी दिलेली सवलत, झटका व जमीन दोन्ही नसलेल्या प्रकारातही टिकून राहिली आणि हळूहळू तिचे साधन बनले. नियमकर्त्यांनी ती पूर्णपणे काढून घेतली नाही. तिला मिलिमीटरांची कुंपणे घातली. त्या कुंपणांमागे एकच आग्रह दिसतो: स्थैर्याचा मोठा वाटा नेमबाजाच्या शरीराने व मनाने कमवावा.

या दृष्टीने पाहता योग्य पहिले जॅकेट म्हणजे नियमाच्या काठापर्यंत ताणलेले जॅकेट नव्हे, तर तपासणीच्या टेबलावर खेळाडूला ज्याची चिंता वाटत नाही असे जॅकेट होय. ते विद्यार्थ्याच्या पाठीला आधार देईल, पण त्याच्या जागी उभे राहणार नाही. उभे राहणे त्याचे त्यालाच शिकावे लागेल. शिक्षकांनी आणि संस्थांनी एवढेच पाहावे की, जॅकेट परवडले नाही म्हणून कोणी उभे राहण्यावाचून राहू नये.